‘विश यू वर हिअर’मध्ये ऐकायचं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा ‘विश यू वर हिअर’ हा अल्बम सगळे डोक्यावर घेतात म्हणून लावला. पहिल्या गाण्यात आठ-साडेआठ मिनिटं झाली तरी कुणी तोंड उघडेना. शीर्षकगीत आवडलं, बाकी सगळं ‘संथ आणि एकसारखं’ वाटलं. ऐकला ब्लूटूथ स्पीकरवर, स्वयंपाक करता करता. ‘आपल्या आलापासारखं ऐक’ असा सल्ला एकानं दिला, त्यानंही काही साधलं नाही. तर यात नेमकं ऐकायचं काय?

मी ध्वनिमुद्रण करतो. दहा-वीस आवाज एकमेकांत बसवायचे, कुणाला पुढे आणायचं, कुणाला मागे सारायचं, कुणाभोवती किती मोकळी जागा ठेवायची, हे माझं रोजचं काम. त्यामुळे माझं उत्तर त्या अंगानं येणार. सुरावट, शब्द, गिटार हे सगळं आहेच, पण या अल्बममध्ये प्रत्येक आवाज तुमच्यापासून किती अंतरावर ठेवलाय याकडे कान लावलात तर तो सगळ्यात लवकर उलगडतो, असं माझं मत आहे. १९७५ सालची ही चव्वेचाळीस मिनिटांची रेकॉर्ड जवळ असण्या-नसण्याविषयीच आहे, आणि ते तिनं शब्दांपेक्षा मिक्समधून, म्हणजे आवाजांच्या या मांडणीतून, जास्त सांगितलंय.

पार्श्वभूमी थोडी लागेल. हा बँड मुळात सिड बॅरेटचा. पिंक अँडरसन आणि फ्लॉइड कौन्सिल या दोन अमेरिकन ब्लूज वादकांची नावं जोडून बँडचं नाव त्यानंच ठेवलं. १९६७ चा पहिला अल्बम जवळजवळ सगळा त्याच्या लेखणीतून उतरलेला. पुढच्या काही महिन्यांत एलएसडी आणि बिघडत गेलेली मनःस्थिती यांमुळे तो कार्यक्रमांत नुसता उभा राहायला लागला. गिटारवादक डेव्हिड गिलमोरला आधी त्याच्या जोडीला घेतलं आणि १९६८ च्या एप्रिलमध्ये सिड बाहेर पडला. उरलेल्या चौघांनी पाच वर्षांनी ‘द डार्क साइड ऑफ द मून’ केला, आणि पैसा, नाव, जे जे हवं होतं ते सगळं एका फटक्यात मिळालं. आता पुढे काय करायचं ते एकालाही सुचेना. आधी त्यांनी वाद्यं बाजूला ठेवून रबरबँड, बाटल्या, ग्लास असल्या घरगुती वस्तूंवर अख्खा अल्बम करायचा घाट घातला आणि सोडून दिला. १९७५ च्या जानेवारीत लंडनच्या अॅबी रोडच्या स्टुडिओ थ्रीमध्ये शिरले तेव्हा शरीरानं हजर आणि मनानं गैरहजर अशी अवस्था होती. हे त्यांनीच पुढे अनेकदा सांगितलंय. बास वाजवणाऱ्या आणि गाणी लिहिणाऱ्या रॉजर वॉटर्सच्या लक्षात आलं की ही गैरहजेरी हाच विषय आहे. कार्यक्रमांत वाजवत होते त्या तीन लांबलचक नव्या गाण्यांपैकी ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’ तेवढं ठेवायचं, त्याचे दोन तुकडे करून अल्बमच्या दोन टोकांना बसवायचे आणि मधल्या जागेसाठी नवी गाणी लिहायची, असं त्यानं सुचवलं. गिलमोरला ते पटलं नव्हतं. तो एकटा पडला, आणि माझ्या मते बरंच झालं.

आता ऐकण्याची तयारी. ब्लूटूथ स्पीकर बाजूला ठेवा. तो बहुतेक वेळा डावं-उजवं एकत्र करून टाकतो आणि इथे निम्मी गंमत तिथेच जाते. साधे वायरचे हेडफोन चालतील, महागडे लागत नाहीत. अॅपमध्ये क्रॉसफेड (एक गाणं संपता संपता पुढचं त्यात मिसळणं) बंद करा, कारण इथल्या गाण्यांमधले सांधे मुद्दाम बांधलेले आहेत आणि अॅपनं त्यात स्वतःची कलाकारी करू नये. आणि आवाजाची पातळी पहिल्या गाण्यावर ठरवू नका. ते इतकं हळू उगवतं की माणूस आवाज वाढवत नेतो, मग तिसरं गाणं कानठळ्या बसवतं, आणि कमी केला की पुढे पुन्हा ऐकू येत नाही. आधी ‘हॅव अ सिगार’ अर्धा मिनिट लावा, त्यावर पातळी बसवा आणि मग सुरुवातीपासून ऐका. मध्ये हात लावायचा नाही.

‘शाइन ऑन’ची पहिली चार मिनिटं. खाली जी मायनरचा एकच स्वरसमूह धरून ठेवलेला आहे: बँडचा कीबोर्डवादक रिक राइट याचा सिंथेसायझर, ऑर्गन, आणि त्यांच्यात मिसळलेला ग्लासांचा आवाज. मघाशी म्हटलं त्या फसलेल्या घरगुती प्रयोगातून वाचलेली ही गोष्ट: पाणी भरलेल्या वाइनच्या ग्लासांच्या काठावरून ओलं बोट फिरवून काढलेले सूर. जलतरंगासारखे टणटणीत नाहीत, त्यांना आघातच नाही. आघात नसला की आवाज कुठून आणि कधी आला ते कानाला ठरवता येत नाही. म्हणून ही सुरुवात कुणी वाजवतंय असं न वाटता आधीपासून चालू होतं आणि आता ऐकू यायला लागलं, अशी वाटते. त्यावर गिलमोरची गिटार येते. तिला मात्र स्पष्ट आघात आहे, एकेक स्वर टोचून घेतलेला, आणि प्रत्येक स्वरामागे लांब शेपूट. मागचा सुरांचा ढग कुठे आहे माहीत नाही, माणूस कुठे उभा आहे ते कळतं.

आलापाची उपमा लोक इथेच देतात, आणि ती मला फारशी पटत नाही. आलापात राग हळूहळू बांधला जातो, एकेक स्वराला जागा मिळते, अपेक्षा वाढत जाते. इथे गिटार सरळ ब्लूजची वाक्यं बोलते आणि गप्प बसते. काही बांधलं जात नाही. बढतीची वाट बघत बसलात तर कंटाळा ठरलेला. वाक्यांमधल्या रिकाम्या जागा किती लांब आहेत ते ऐका.

चार मिनिटं होत आली की सगळं विरतं आणि चार स्वर वाजतात. ज्यांना सरगम येते त्यांच्यासाठी: जी हा षड्ज धरला तर कोमल ग, कोमल नी, सा आणि शुद्ध ध. दोन खालच्या तारेवर आणि दोन वरच्या तारेवर, एक खाली एक वर असे आलटून पालटून, आणि प्रत्येक स्वर पुढच्यात झिरपू दिलेला. पहिले तीन घरच्याच माणसांसारखे वागतात. चौथा, तो शुद्ध धैवत, वाक्य बंद करत नाही. जी मायनर म्हटल्यावर पाश्चात्त्य कानाला तिथे कोमल धैवताची सवय असते, त्यामुळे तो आणखीच अधांतरी लटकतो. गिलमोरला हे स्वर तालमीच्या खोलीत सहज हाताखाली सापडले आणि ते ऐकून वॉटर्सला सिडची आठवण झाली, गाणं तिथून सुरू झालं. ते चार स्वर पुन्हा पुन्हा येतात, आजूबाजूला काहीही नसतं, आणि मग निक मेसनचे ड्रम पडतात. हा क्षण हेडफोनवर ऐका. इतका वेळ ज्याला तळ नव्हता त्या आवाजाखाली एकदम जमीन येते.

पावणेनऊ मिनिटांच्या आसपास वॉटर्स गायला लागतो तेव्हा लय सहा मात्रांची झुलती झालेली असते. तो बोलतो सिडशी, नाव न घेता: तरुण होतास तेव्हाची आठवण आहे का, सूर्यासारखा होतास, आणि आता डोळ्यांत बघवत नाही. त्याचा आवाज ताणलेला, थोडा घासलेला आहे. गळा तेव्हा खरोखरच त्रास देत होता. साथीला व्हेनेटा फील्ड्स आणि कार्लेना विल्यम्स या दोघी मागून उचलून धरतात, त्यामुळे कडव्यात एकटा असलेला माणूस ध्रुवपदात घोळक्यात येतो. शेवटी डिक पॅरीचा सॅक्सोफोन. तो आधी जाडजूड आवाजाचा बॅरिटोन वाजवतो, मग टेनर उचलतो आणि लय दुप्पट झाल्यासारखी वाटते. हा बदल बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. एकदा ओळखलात की दर वेळी त्याची वाट बघाल.

स्टुडिओतल्या माणसाला हळहळ वाटेल अशी एक गोष्ट. या गाण्याचे पाया-ट्रॅक एकदा ध्वनिमुद्रित झाले होते. त्यांत इको असा काही मिसळून गेला की तो काढणं शक्य नव्हतं, आणि सगळं पहिल्यापासून वाजवावं लागलं. आजच्यासारखं ‘अनडू’ नव्हतं. टेपवर गेलं ते गेलं. आज जो निवांतपणा ऐकू येतो तो वैतागलेल्या माणसांच्या दुसऱ्या खेपेचा आहे.

सिड स्टुडिओत आला होता ती कथा तुमच्या कानावर आलीच असेल, म्हणून थोडक्यात. ५ जून १९७५. याच गाण्यावर काम चालू असताना एक जाड झालेला, डोक्याचे आणि भुवयांचे केस काढलेला माणूस स्टुडिओत वावरत होता. बराच वेळ कुणी ओळखलं नाही. ओळख पटल्यावर वॉटर्सच्या डोळ्यांत पाणी आलं. कथा खरी आहे, पण तिचा इतका गवगवा झालाय की लोक गाणं ऐकायच्या ऐवजी कथा ऐकतात. वॉटर्सनं स्वतः म्हटलंय की सिड हे निमित्त आहे. मधल्या तीन गाण्यांत तर सिड जवळजवळ नाहीच.

‘वेलकम टू द मशिन’मध्ये ड्रमसेट जवळपास नाही. लयीचं काम व्हीसीएस-थ्री या सिंथेसायझरच्या धडधडीकडे दिलंय, आणि त्या लोखंडी ठोक्यावर साधी अकूस्टिक गिटार. गाणं माणसाला यंत्रात ओढून घेणाऱ्या धंद्याविषयी आहे आणि मिक्सही तेच करतं: गिटारला श्वास घ्यायला जागा आहे, सिंथेसायझरला नाही. एक ओळ गिलमोरला पोचत नव्हती म्हणून टेपची गती किंचित कमी करून ती गाऊन घेतली आणि नंतर टेप मूळ गतीवर आणली. गाण्याच्या विषयाला धरूनच झालं म्हणायचं. शेवटी लिफ्ट वर जाते, दार उघडतं, पार्टीचा गलका. मला हे गाणं थोडं जास्तच जड वाटतं, वर्षानुवर्षं वाटत आलंय. पण चव्वेचाळीस मिनिटांत त्याची जागा बरोबर आहे. रेकॉर्डची पहिली बाजू इथे संपते.

दुसऱ्या बाजूचं ‘हॅव अ सिगार’ हे एका रेकॉर्ड कंपनीच्या साहेबाचं भाषण आहे: तुम्ही फार मोठे होणार, मला तुमच्याबद्दल मनापासून आदर आहे, आणि हो, तुमच्यातला पिंक कोण? हा प्रश्न त्यांना खरोखर विचारला जायचा. गाणारा माणूस मात्र बँडमधला नाहीच. वॉटर्सचा गळा साथ देईना, गिलमोरला हे शब्द तोंडात घ्यावेसे वाटेनात, म्हणून शेजारच्या स्टुडिओत स्वतःचा अल्बम करत असलेल्या रॉय हार्पर या गायकाला बोलावलं. वॉटर्सला पुढे याचा पस्तावा झाला. माझ्या कानाला हार्परच बरोबर वाटतो. तो शब्दांची मजा घेतो, साहेबाच्या कातडीत शिरतो. वॉटर्स गायला असता तर चीड आधी ऐकू आली असती. आणि गैरहजेरीवरच्या अल्बममध्ये बँडचं स्वतःचं गाणं बाहेरचा माणूस गातो, हे योगायोगानं का होईना, अगदी नेमकं बसलं.

आता अख्ख्या अल्बममधला माझा सगळ्यात आवडता दीड मिनिट. ‘सिगार’चा गिटार सोलो पूर्ण अंगानं, दोन्ही कान भरून चालू असतो आणि अचानक झपकन् सगळा बँड आकसून एका छोट्या ट्रान्झिस्टरमध्ये जातो. खालचे आवाज गायब, वरचे गायब, मधली चिरकी पट्टी तेवढी शिल्लक. मग कुणीतरी रेडिओचं बटण फिरवतं. बोलण्याचे तुकडे, मध्येच चायकोव्हस्कीच्या चौथ्या सिंफनीचा तुकडा. हे सगळं गिलमोरच्या गाडीतल्या रेडिओवरून घेतलंय. बटण थांबतं ते बारा तारांच्या एका गिटारवर, आणि तीही तशीच चिरकी, पातळ, लांब कुठेतरी वाजत असलेली. मग खाकरल्याचा, श्वासाचा आवाज येतो. हा आवाज रेडिओतला नाही, तुमच्या खोलीतला आहे. आणि त्या माणसाच्या हातातली दुसरी गिटार वाजायला लागते: पूर्ण, उबदार, बोटं तारांवर सरकताना ऐकू येतील इतकी जवळ. रेडिओवर गाणं लागलंय आणि एक मुलगा आपल्या खोलीत बसून त्याच्याबरोबर वाजवतोय, एवढाच देखावा आहे. दोन्ही गिटार गिलमोरच्याच. त्या दोघींमधलं अंतर म्हणजे ‘तू इथे असतास तर’ हे वाक्य, आणि अजून एक शब्दही गायला गेलेला नसतो.

तुम्हाला हे गाणं आवडलं त्याचं कारण मला वाटतं हेच. ब्लूटूथ स्पीकरवरसुद्धा हे अंतर थोडं कळतं. फक्त यादीतून सुटं ऐकलं की आधीचा झपकन् आकसण्याचा क्षण तुटतो, आणि मग ती चिरकी गिटार नुसती ‘जुन्या रेकॉर्डिंगसारखी’ वाटते.

गाण्याच्या शेवटी वारा सुटतो आणि त्याच्यात, फार लक्ष दिलंत तर, एक व्हायोलिन. स्टेफान ग्रापेल्ली हा जॅझचा थोर व्हायोलिनवादक तेव्हा अॅबी रोडमध्येच येहुदी मेन्युहिन या पाश्चात्त्य शास्त्रीय व्हायोलिनवादकाबरोबर काम करत होता. त्याच्याकडून वाजवून घेतलं आणि अंतिम मिक्समध्ये इतकं मागे सारलं की मूळ कव्हरवर नावही घातलं नाही. आमच्या पिढीनं हा अल्बम कॅसेटवर ऐकला. वारा कुठे संपतो आणि टेपची खरखर कुठे सुरू होते ते कळायचं नाही, व्हायोलिन तर दूरच.

‘शाइन ऑन’चा दुसरा तुकडा त्याच वाऱ्यातून येतो. आधी बास, मग लॅप स्टीलवर (मांडीवर आडवी ठेवून वाजवायची गिटार) गिलमोर, आणि हा सोलो पहिल्या तुकड्यातल्या सगळ्या सोलोंपेक्षा रागीट आहे. पुन्हा एक कडवं. मग या नऊ भागांच्या गाण्यातला आठवा भाग, एक बऱ्यापैकी नाचरा ठेका. तो मला भरीचा वाटतो; तेवढ्या वेळात चहा टाकून आलात तरी काही बिघडत नाही. पण नवव्या भागाला परत या. तो एकट्या राइटनं रचलेला, अंत्ययात्रेच्या चालीचा तुकडा आहे. राइट हा या बँडमधला सगळ्यात कमी बोलला गेलेला माणूस, आणि हा अल्बम बराचसा त्याच्या हातांनी धरून ठेवलाय. अगदी शेवटी, आवाज विरत असताना, तो सिंथेसायझरवर सिडच्या १९६७ च्या ‘सी एमिली प्ले’ची ओळ वाजवतो. एकदाच, हलकेच. आणि सगळं मायनर सोडून मेजरवर थांबतं, म्हणजे या गाण्यात बहुतेक वेळ कोमल राहिलेला गांधार शेवटच्या स्वरसमूहात शुद्ध होतो. हे ऐकू यावं म्हणूनच मघाशी पातळी आधी बसवून ठेवा म्हटलं.

कव्हरबद्दल दोन शब्द, कारण तेही याच विचारातून आलंय. हिप्नोसिस या संस्थेनं केलेलं ते चित्र तुम्ही पाहिलंच असेल: सूटबूट घातलेले दोघं हस्तांदोलन करतायत आणि त्यातला एक जळतोय. फोटो वॉर्नर ब्रदर्सच्या कॅलिफोर्नियातल्या स्टुडिओच्या आवारात काढला, माणूस खराच पेटवला होता. रॉनी रॉन्डेल नावाचा स्टंटमन. वारा फिरला आणि त्याच्या मिशा जळाल्या. एवढं करून रेकॉर्ड विकायला ठेवली ती काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून, वर फक्त दोन यांत्रिक हातांचं स्टिकर. कव्हरसुद्धा गैरहजर! विक्री करणाऱ्यांच्या पोटात गोळा आला असणार. अल्बम ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेला.

आता तुमचे उरलेले दोन प्रश्न. ‘डार्क साइड’ आधी ऐकायला हवा का? नको. तो जास्त घट्ट विणलेला आहे, त्यात दर दोन मिनिटांनी काहीतरी घडतं, आणि त्याच्या पाठोपाठ हा लावला तर हा आणखी संथ वाटेल. मध्ये काही दिवस जाऊ द्या.

कुठली आवृत्ती? सुरुवातीला कुठलीही अधिकृत स्टिरिओ आवृत्ती चालेल. मूळ गळी उतरल्यावर २०११ च्या विस्तारित संचातली दोन ध्वनिमुद्रणं मुद्दाम शोधा. एक, ग्रापेल्लीचं व्हायोलिन पूर्ण आवाजात असलेलं शीर्षकगीत. वाजवलंय अप्रतिम, आणि तरीही ते मागे सारण्याचा निर्णय योग्य होता, कारण व्हायोलिन पुढे आलं की गाण्याला सोबत मिळते. दुसरं, हार्परऐवजी बँडनंच गायलेलं ‘हॅव अ सिगार’. वर म्हटलं ते हार्परबद्दलचं माझं मत तुमच्या कानानं तपासून बघायला तेवढं पुरेल. त्याच संचात १९७४ चा वेम्बलीचा कार्यक्रमही आहे. त्यात ‘शाइन ऑन’ न तोडता सलग वाजवलंय आणि बाजूला ठेवलेली ती दोन गाणीही आहेत, जी नंतर नावं आणि शब्द बदलून १९७७ च्या ‘अॅनिमल्स’मध्ये आली. गिलमोरचं म्हणणं बरोबर होतं की वॉटर्सचं, ते तिथे ऐकून ठरवा.